उतारावरचे अंगण : पायऱ्या आणि ओटा बांधताना

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या दक्षिण उतारावर आंबागड वसले आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजा खान पठाण याने सन १७०० च्या सुमारास येथील टेकडीवर किल्ला उभारला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आणि नंतर इंग्रजांकडे गेला. ज्या गावाला डोंगराचा पायथा लाभतो, तेथे घरामागची जमीन सपाट मिळेलच असे नाही. दाराशी असलेली पातळी वाडीच्या टोकापर्यंत पुरुषभर खाली जाते. आंबागडसारख्या गावात, पुण्याच्या टेकड्यांवर किंवा कोकणातल्या डोंगरउतारावर घर बांधणाऱ्या प्रत्येकासमोर एकच प्रश्न उभा राहतो : ही जागा वापरात कशी आणायची?

पायऱ्या आणि बसण्यापुरता ओटा हे त्याचे नेहमीचे उत्तर. थोडी हौस, थोडे अंगबळ आणि एखाद्या अनुभवी गवंड्याचा सल्ला असेल, तर हे काम घरच्या घरी करता येते. मात्र उतारावरच्या बांधकामाला माणसांच्या वजनापेक्षा पाण्याचे भय अधिक असते. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. ते पाणी कोठून येईल आणि कोठून जाईल हे ठरल्याशिवाय पहिला दगड बसवू नये.

पाण्याची वाट

हे ज्ञान या भागाला नवे नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, प्रामुख्याने कोहळी समाजाच्या मेहनतीतून उभे राहिले. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेला आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडणारा नवेगाव बांध हा अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. मातीची पाळ कितीही भक्कम घातली, तरी जादा पाणी सोडणारा सांडवा नसेल तर ती फुटते, हे या बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. परसातल्या भिंतीलाही तोच नियम लागू पडतो. तिलाही सांडवा हवा.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो असते. भिंतीमागे एक मीटर उंचीपर्यंत पाणी साचले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे पाचशे किलोंचा आडवा रेटा येतो. हीच उंची दोन मीटर झाली, तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे सुमारे दोन हजार किलो. ओल्या मातीचा रेटा त्याखेरीज वेगळा. म्हणून उन्हाळ्यात वर्षानुवर्षे निमूट उभी असलेली भिंत एखाद्या मुसळधार रात्री अचानक ढासळते. २०१९ मध्ये २९ जूनच्या पहाटे पुण्यातील कोंढव्यात संरक्षक भिंत कोसळून पंधरा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी मुंबईतील मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून पंचवीसहून अधिक जीव गेले. परसातली भिंत आकाराने लहान असते. पाण्याचा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच.

म्हणून माती अडविण्यासाठी भिंत घालावी लागल्यास तिच्या मागे सुमारे एक फूट रुंदीचा गिट्टीचा थर भरावा. भिंतीच्या पायथ्याजवळ दर एक ते दीड मीटरवर पाणी बाहेर पडण्यासाठी नळीचे तुकडे बसवावेत. गिट्टीत माती शिरून ती बुजू नये, यासाठी मध्ये जाळीदार कापड घालणे हिताचे. सिमेंट न वापरता रचलेल्या दगडी गडग्यातून पाणी आपोआप झिरपते, हा त्याचा मोठा गुण. अशा गडग्याचा पाया त्याच्या उंचीच्या निम्म्याइतका रुंद असावा आणि त्याचा दर्शनी भाग दर सहा इंच उंचीमागे एक इंच उताराकडे झुकलेला असावा. छपराचे पाणी पन्हळीतून भिंतीच्या मागे कधीही सोडू नये.

उतार मोजणे

उतार नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी यासाठी उत्तम. नळीत पाणी भरून बुडबुडे काढून टाकावेत. एक टोक दाराजवळच्या खुंटीला आणि दुसरे वाडीच्या टोकाच्या खुंटीला धरावे. पाणी स्थिरावले की दोन्ही ठिकाणची पातळी एकच असते. दोन्ही खुंट्यांवर त्या पातळीची खूण करून खुणेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. त्या दोन अंतरांतील फरक म्हणजे एकूण उतार.

मातीही याच वेळी तपासावी. या भागात काळ्या, भारी जमिनीला कन्हार आणि लालसर, खडेरी जमिनीला बर्डी म्हणतात. बर्डीतून पाण्याचा निचरा चांगला होतो. कन्हार मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरवर घातलेला पाया तिच्याबरोबर हलतो, म्हणून कन्हारीत भेगांच्या खोलीच्याही खाली पाया नेणे आवश्यक ठरते. भरावाच्या मातीवर तर थेट बांधकाम करूच नये. ती थराथराने धुमसून बसवावी लागते.

पायऱ्यांचा हिशेब

पायरी सुखकर होण्याचे एक जुने सूत्र आहे. फ्रेंच स्थापत्यकार फ्रांस्वा ब्लाँदेल याने सतराव्या शतकात ते मांडले. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी ही बेरीज माणसाच्या एका पावलाच्या अंतराइतकी असावी, असे ते सांगते. आजच्या मापात ही बेरीज साठ ते पासष्ट सेंटीमीटर धरतात. घराबाहेरच्या पायऱ्यांसाठी पंधरा सेंटीमीटर उंची आणि तेहतीस सेंटीमीटर रुंदी हे प्रमाण चांगले. त्याची बेरीज त्रेसष्ट होते.

उदाहरणादाखल, दारापासून वाडीच्या टोकापर्यंत पाच मीटरांत एक मीटर ऐंशी सेंटीमीटरचा उतार आहे असे समजू. पंधरा सेंटीमीटरच्या उंचीने बारा चढ लागतील. सहा चढांनंतर सव्वा मीटरचा विसावा ठेवला, तर वरच्या आणि खालच्या भागात पाच-पाच पायऱ्या येतात. त्यांची लांबी तीन मीटर तीस सेंटीमीटर आणि विसावा धरून एकूण सुमारे साडेचार मीटर होते. उरलेला अर्धा मीटर पायथ्याच्या फरशीला पुरतो.

सर्व पायऱ्यांची उंची काटेकोरपणे सारखी हवी. दोन-तीन पायऱ्या चढल्यावर पावलाला उंचीची सवय होते. त्यानंतर एखादीच पायरी दोन सेंटीमीटरने उंच निघाली की पाय अडखळतो. वृद्धांच्या बाबतीत ही चूक महागात पडते. हिशेबात उंची पूर्णांकात येत नसेल, तर उरलेला फरक एका पायरीवर न टाकता सर्व पायऱ्यांत वाटावा.

बांधणीचा क्रम

काम नेहमी खालून वर न्यावे. सर्वांत खालची पायरी संपूर्ण जिन्याला टेकू देते, म्हणून तिचा पाया पक्क्या जमिनीपर्यंत, किमान दीड फूट खोल असावा. मुरूम धुमसून त्यावर डबर आणि काँक्रीटचा थर घालावा. काँक्रीटसाठी एक भाग सिमेंट, दोन भाग रेती आणि चार भाग गिट्टी हे प्रमाण रूढ आहे. दगडी पायरी बसविताना वरची पायरी खालच्या पायरीच्या मागच्या काठावर चार-पाच सेंटीमीटर चढलेली असावी, म्हणजे सांध्यातून माती वाहून जात नाही. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूस तीन-चार मिलिमीटरचा ढाळ द्यावा, अन्यथा पाणी साचून शेवाळ धरते. गुळगुळीत फरशी टाळून टाचलेला दगड वापरावा. पायऱ्यांच्या एका कडेने उघडी नाली काढल्यास वरून येणारे पाणी पायऱ्यांवरून वाहत नाही.

काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारणे आवश्यक असते. विदर्भाच्या उन्हात दहा दिवस मारावे आणि वर ओले पोते टाकून ठेवावे.

लाकडी ओटा

उतारावर भराव टाकून ओटा करण्यापेक्षा खांबांवरचा लाकडी ओटा हलका पडतो आणि त्याखालून पाणी मोकळे वाहते. शेतातल्या मचाणाचेच हे स्थिर रूप म्हणता येईल. वरील उदाहरणात दाराच्या पातळीवर अडीच मीटर खोल आणि तीन मीटर लांब ओटा घातला, तर त्याची बाहेरची कड जमिनीपासून नव्वद सेंटीमीटर उंच येईल. पायऱ्या त्याच्या बाजूने उतरतील.

अशा ओट्यासाठी दर चौरस मीटरला तीनशे किलोंचा भार धरावा. साडेसात चौरस मीटरला तो सव्वादोन टन होतो. एरवी तेथे दोनच खुर्च्या असतील. पण कोजागिरीच्या रात्री सारी आळी त्यावर जमू शकते, हे बांधतानाच लक्षात ठेवावे. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा ठोकळा असावा आणि लाकूड जमिनीत न गाडता लोखंडी बुटात, मातीपासून दोन-तीन इंच वर बसवावे. जमिनीला टेकलेल्या लाकडाला उधई लागते आणि ते नेमके मातीलगत कुजते. घराच्या भिंतीला आडवी तुळई जोडायची असल्यास खिळ्यांवर विसंबू नये. आरपार बोल्ट वापरावेत, किंवा भिंतीजवळही स्वतंत्र खांब द्यावेत. एक इंच जाडीच्या फळ्यांसाठी खालच्या वाशांतील अंतर चाळीस सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावे. दोन फळ्यांत पाच मिलिमीटरची फट ठेवावी. पाणी त्यातून गळून जाते आणि ओले लाकूड फुगले तरी वाकत नाही.

नव्वद सेंटीमीटरवरून पडलेल्या मुलाचे हाड मोडू शकते. तेव्हा ओट्याला किमान एक मीटर उंचीचा कठडा घालावा आणि त्याच्या उभ्या पट्ट्यांत दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नये. आडव्या पट्ट्यांची मुले शिडी करतात.

साग येथे सहज मिळतो. मात्र स्वतःच्या शेतातला साग तोडण्यासही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार परवानगी लागते. लाकूड पावतीसह घ्यावे. दगडाबाबतही हाच विवेक हवा. किल्ल्याचा अथवा जुन्या देवळाचा सुटलेला घडीव दगड कितीही हाताशी असला, तरी तो परसात आणणे म्हणजे त्या वास्तूचा उरलासुरला आधार काढून घेणे होय.

आपली मर्यादा ओळखणे

चार फुटांहून उंच भिंत, शेजारच्या घराच्या पायालगतची खोदाई, वरच्या बाजूने झिरपणारे पाणी किंवा तडे गेलेली जमीन, यांपैकी काहीही असल्यास काम अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय हाती घेऊ नये. खोदलेल्या उभ्या मातीच्या कडेखाली एकट्याने काम करणेही धोक्याचे.

दिवाळीनंतर खोदाईला हात घालावा आणि मृगापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, काम पुरे करावे. अर्धवट उघडी खोदाई पहिल्याच पावसात वाहून जाते. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर चार गोष्टी पाहाव्यात : भिंतीतल्या नळ्या तुंबल्या आहेत का, नालीत पाला साचला आहे का, भिंतीला पोट आले आहे का आणि खांबांचे बोल्ट ढिले झाले आहेत का. पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन अंगणात उभे राहावे. नळ्यांतून धार लागलेली दिसली, तर भिंत आपले काम करीत आहे. धार नसेल आणि भिंत नुसतीच ओली दिसत असेल, तर पाणी आत कोंडले आहे असे समजावे. मग भिंतीजवळ कोणालाही जाऊ देऊ नये आणि पाऊस ओसरताच नळ्या मोकळ्या करून घ्याव्यात.