पुक्को : लढाईची की कामाची?

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये शिरल्या. कित्येक फिनिश सैनिकांच्या कमरेला तेव्हा घरचीच सुरी होती – पुक्को. पुढे तिच्या शौर्यकथा झाल्या. पण सुरी नीट पाहा. मूठ आणि पाते यांमध्ये अडसर नाही. भोसकताना ओला हात सरळ धारेवर घसरेल. लढाईसाठी सुरी घडवणारा लोहार ही चूक कशाला करील? लाकूड तासताना मात्र असा अडसर हाताला नडतोच. धारेचा उतारही रुंद, सपाट. तो दगडावर टेकवला की कोन आपोआप साधतो, त्यामुळे जंगलातही धार लावता येते. १९४० च्या जानेवारीत पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरला. अशा रात्री ओल्या ओंडक्याच्या आतल्या कोरड्या लाकडाच्या ढलप्या काढून शेकोटी पेटवायची, तर हीच सुरी हवी.