वाया जाणाऱ्या वायूची ताकद

घाटात एखादा मालट्रक आपल्याला मागे टाकून जातो आणि त्याच्या अंगावर ‘टर्बो’ असं ठळक लिहिलेलं दिसतं. शब्द आता सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. पण ज्या मोटारीच्या आराखड्यात टर्बो नव्हता, तिला तो मागाहून बसवायची खटपट कशी झाली, हा इतिहास मला जास्त उद्बोधक वाटतो.

मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. १९०५ सालच्या पेटंटची. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू फुकट जातो. त्याच्या झोतावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त मिळाली की इंधन जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फूट उंचीच्या पर्वतावर विमानाचं लिबर्टी इंजिन नेलं. विरळ हवेत ते २३० अश्वशक्तीपर्यंत उतरलं होतं. टर्बो जोडताच ३५६ वर गेलं.

मग हे मोटारीत सहज का जमलं नाही? कारण हवा दाबली की ती तापते. तापलेलं मिश्रण वेळेआधीच भडकतं, इंजिन ‘नॉक’ करू लागतं आणि पिस्टनला भोकं पडायची वेळ येते. १९६२ साली ओल्ड्समोबिल कंपनीनं आपल्या नेहमीच्या व्ही-८ इंजिनाला टर्बो लावून ‘जेटफायर’ गाडी आणली. इंजिन थंड ठेवायला पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. मालक ते भरायला विसरत. पुढे कंपनीनंच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची सोय केली. १९७३ सालच्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोची ताकद १७० अश्वशक्ती. पण त्याच वर्षी तेलाचं संकट आलं आणि १,६७२ गाड्यांवर काम थांबलं.

अशा काळात रीव्हज कॅलवे हा शर्यतींत गाडी चालवणारा तरुण कनेक्टिकट राज्यातल्या ओल्ड लाइम गावी बीएमडब्ल्यूच्या गाड्यांसाठी टर्बोचे संच बनवू लागला. पुढे आल्फा रोमिओच्या जीटीव्ही-६ गाडीला त्यानं दोन टर्बो बसवले. ते काम शेवरोलेच्या नजरेत भरलं आणि १९८७ पासून कॉर्व्हेट घेणाऱ्याला कंपनीच्या दुकानातच कॅलवेचा टर्बो मागवता येऊ लागला. त्यासाठी जवळजवळ वीस हजार डॉलर जादा मोजावे लागत. गाडी कारखान्यातून ओल्ड लाइमला जायची आणि तिथे इंजिनाचं काम व्हायचं. २४० अश्वशक्तीचं इंजिन ३४५ अश्वशक्तीचं होऊन बाहेर पडे.

इथे मला महत्त्वाचा वाटतो तो कामाचा क्रम. कॅलवेनं टर्बो नुसता वरून जोडला नाही. इंजिनातला दाब कमी केला, दाबलेली हवा गार करायला इंटरकूलर बसवले, इंधनाचा पुरवठा वाढवला, टर्बोच्या बेअरिंगला तेल पोचेल अशी व्यवस्था केली. एक भाग वाढवला की त्याचा भार बाकीच्या सगळ्यांवर येतो, हे त्यानं आधीच धरलं होतं.

२६ ऑक्टोबर १९८८ रोजी ओहायोतल्या चाचणी मार्गावर जॉन लिंगेनफेल्टर यांनी कॅलवेची ‘स्लेजहॅमर’ कॉर्व्हेट ताशी २५४.७६ मैल, म्हणजे सुमारे ४१० किलोमीटर वेगानं पळवली. गाडीत रेडिओ होता, वातानुकूलन यंत्रही होतं. आणि मग तीच गाडी साध्या रस्त्यानं चालवत घरी कनेक्टिकटला आणली! वेगाच्या आकड्यापेक्षा मला या परतीच्या प्रवासाचं अप्रूप जास्त. आकडा गाठून मोडून पडलेली यंत्रं इतिहासात पुष्कळ आहेत.

कॅलवे २०२३ साली वारले. आज आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यासुद्धा कारखान्यातूनच टर्बो घेऊन येतात आणि दाब, उष्णता, इंधन यांचा हिशेब संगणक ठेवतो. तरीही हौसेनं जुन्या गाडीला टर्बो बसवणारे आहेतच. त्यांनी संचाची किंमत विचारण्याआधी आपलं इंजिन किती सोसू शकेल, हे विचारावं. जेटफायर आणि कॅलवेची कॉर्व्हेट यांच्यातला फरक तोच आहे.