अभियांत्रिकी पदवीची आंतरराष्ट्रीय मान्यता : नाशिकच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

अभियांत्रिकीची पदवी विद्यापीठ प्रदान करते. परंतु त्या पदवीचे मोल कोणी ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कालखंडात बदलत गेले आहे. वसाहतकाळात ते सरकारी खात्याने ठरविले, स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठ आणि नियामक परिषद यांनी ठरविले, तर १९८९ नंतर हा अधिकार विविध देशांतील अधिस्वीकृती संस्थांच्या परस्पर कराराकडे गेला. नाशिक हे या तिन्ही अवस्थांचे साक्षीदार असलेले शहर आहे. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा आढावा घेऊन संलग्न महाविद्यालयांपुढे निर्माण झालेल्या प्रश्नाची चर्चा केली आहे.

वसाहतकाळ : नेमणूक हीच मान्यता

पुणे येथे १८५४ मध्ये सुरू झालेला अभियांत्रिकी वर्ग पुढे मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाला. याच परंपरेत शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये एल. सी. ई. परीक्षेत प्रथम आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. त्यांची पहिली नेमणूक नाशिक येथे झाली. त्या काळी पदवीची स्वतंत्र तपासणी करणारी यंत्रणा नव्हती. सरकारने नोकरी दिली म्हणजे पदवी मान्य झाली, असाच तिचा अर्थ होता.

ही मान्यता मात्र समान नव्हती. भारतातील बांधकाम खात्यासाठी अभियंते तयार करण्याच्या हेतूने इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे १८७२ ते १९०६ या काळात स्वतंत्र महाविद्यालय चालविले गेले. १८९२ मध्ये खात्याची इम्पीरियल आणि प्रांतिक अशी विभागणी झाली. विलायतेत भरती झालेले अभियंते पहिल्या वर्गात, तर भारतीय महाविद्यालयांचे पदवीधर दुसऱ्या वर्गात गेले. कामाचे स्वरूप सारखेच असले, तरी दर्जा आणि वेतन यांत भेद राहिला. पदवीच्या गुणवत्तेपेक्षा ती कोठे मिळाली याला अधिक महत्त्व आले. समकक्षतेचा प्रश्न भारतीय अभियंत्यांपुढे प्रथम उभा राहिला तो असा, आणि तोही स्वदेशातच.

स्वातंत्र्योत्तर विस्तार

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना झाली. १९५९ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था अर्थात मेरी सुरू झाली आणि १९६४ मध्ये ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना उभा राहिला. अभियंत्यांची मागणी वाढत होती. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९८४ मध्ये, नाशिकला के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. मराठा विद्या प्रसारक समाजाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ मध्ये निघाले.

ही महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची, अध्यापन महाविद्यालयाचे, आणि १९८७ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेल्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता, अशी ही रचना होती. निफाड किंवा सिन्नरच्या शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला घराजवळ पदवीधर होण्याची संधी या रचनेने दिली, हे तिचे मोठे श्रेय होय.

वॉशिंग्टन करार आणि भारत

१९८९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांतील अधिस्वीकृती संस्थांनी वॉशिंग्टन करार केला. एका सदस्य संस्थेने अधिस्वीकृत केलेला पदवी अभ्यासक्रम इतर सदस्यांनी मूलतः समकक्ष मानावा, हे त्याचे तत्त्व आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. हा करार सरकारांमधील नाही आणि तो व्यवसायाचा परवाना देत नाही. अमेरिकेत राज्यांची आणि कॅनडात प्रांतांची परवाना मंडळे आपापल्या अटी लावतात. करार केवळ शैक्षणिक पात्रतेपुरता आहे.

भारतात परिषदेने १९९४ मध्ये नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन अर्थात एनबीए स्थापन केले. २००७ मध्ये भारताला कराराचे तात्पुरते सदस्यत्व मिळाले. मंजुरी देणारी आणि गुणवत्ता तपासणारी संस्था एकच असणे हितावह नसल्याने २०१० मध्ये एनबीए स्वायत्त झाले. इमारती, यंत्रसामग्री, शिक्षकसंख्या यांच्या मोजमापापलीकडे जाऊन विद्यार्थी प्रत्यक्ष काय करू शकतो, हे पाहणारी फलनिष्पत्ती-आधारित पद्धती स्वीकारली गेली. अखेर १३ जून २०१४ रोजी भारत कराराचा पूर्ण सदस्य झाला.

संलग्नतेचा पेच

या सदस्यत्वाचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. एनबीएने संस्थांच्या दोन श्रेणी केल्या. विद्यापीठे आणि स्वायत्त संस्था पहिल्या श्रेणीत, तर संलग्न महाविद्यालये दुसऱ्या श्रेणीत आली. कराराखालील समकक्षता पहिल्या श्रेणीतील अधिस्वीकृत अभ्यासक्रमांनाच लागू झाली. शिवाय अधिस्वीकृती संपूर्ण महाविद्यालयाला नसून एकेका अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीपुरती असते. परिणामी नाशिकच्या संलग्न महाविद्यालयातील अधिस्वीकृत शाखेचा पदवीधरही कराराच्या कक्षेबाहेर राहिला.

यामागील तर्क समजण्यासारखा आहे. ज्या संस्थेला अभ्यासक्रम आखण्याचा आणि परीक्षा घेण्याचा अधिकार नाही, ती फलनिष्पत्तीचे उत्तरदायित्व पूर्णपणे कसे स्वीकारणार? परंतु या तर्काचा भार पडला तो विद्यार्थ्यावर, ज्याला प्रवेश घेताना या श्रेणींची कल्पनाही नव्हती. स्वायत्तता हाच त्यावरचा मार्ग होता. पुढे के. के. वाघ संस्थेला स्वायत्त दर्जा मिळाला, तो या संदर्भातही महत्त्वाचा आहे. अर्थात स्वायत्तता हे प्रवेशद्वार आहे. प्रत्येक शाखेची अधिस्वीकृती त्यानंतर स्वतंत्रपणे मिळवावी लागते.

अधिस्वीकृतीचा अभाव किती महाग पडू शकतो, हे २०१८ मध्ये कुवेतने दाखवून दिले. कुवेत हा वॉशिंग्टन कराराचा सदस्य नव्हता. तरीही तेथे परदेशी अभियंत्यांच्या कामाच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचे ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचे झाले आणि भारतीय पदव्यांसाठी एनबीए अधिस्वीकृतीचा निकष लावला गेला. अनेक वर्षे काम केलेल्या अभियंत्यांची पदवी अकस्मात अपुरी ठरली. त्यांत १९९४ पूर्वीचे, म्हणजे एनबीए अस्तित्वातच नसतानाचे, पदवीधरही सापडले. भारत सरकारला हा प्रश्न कुवेतकडे मांडावा लागला.

समारोप

१८९२ ची विभागणी आणि आजची श्रेणीव्यवस्था यांत महत्त्वाचा फरक आहे. तेव्हाचा भेद भरतीच्या स्थळावर आधारलेला असल्याने पुण्याच्या पदवीधराला तो स्वकर्तृत्वाने ओलांडता येत नव्हता. आजचा भेद शैक्षणिक अधिकार आणि उत्तरदायित्व यांवर आधारलेला असल्याने संस्थेला तो ओलांडता येतो. मात्र तो ओलांडण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची नसून संस्थेची, म्हणजेच व्यवस्थापन आणि अध्यापकवर्गाची आहे. अभ्यासक्रमाची आखणी, फलनिष्पत्तीचे प्रामाणिक मोजमाप आणि त्यांच्या नोंदी ही कामे तपासणी समितीच्या भेटीपुरती उरकली गेली, तर प्रमाणपत्र कदाचित मिळेल, समकक्षता मिळणार नाही. निदान प्रवेशाच्या वेळी आपल्या शाखेची श्रेणी, अधिस्वीकृती आणि तिची मुदत विद्यार्थ्याला स्पष्ट शब्दांत सांगणे, एवढे तरी प्रत्येक महाविद्यालयाचे कर्तव्य ठरते.