कौटुंबिक छायाचित्रांसाठी पहिला मिररलेस कॅमेरा : निवडीचे निकष

कडकोळ (म्हैसूर) : म्हैसूर-नंजनगूड मार्गावरील कडकोळ परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. घरात दोन वर्षांचे मूल आहे, आजी-आजोबा गावाकडे आहेत आणि वर्षातून एकदाच सर्वजण एकत्र येतात. बारसे, वाढदिवस, गणपती, दसऱ्याचा म्हैसूर दौरा हे प्रसंग ठरलेले असतात. भर दुपारी अंगणात काढलेले छायाचित्र आजचा मोबाईल उत्तम टिपतो. अडचण येते ती ट्यूबलाइटखालच्या खोलीत, धावत्या मुलाच्या बाबतीत आणि दूरच्या दृश्याच्या वेळी. या तीन ठिकाणी मोबाईल अपुरा पडत असेल, तरच स्वतंत्र कॅमेऱ्यावर खर्च करणे योग्य ठरते.

मिररलेस म्हणजे काय?

डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन दृश्यदर्शकात पोहोचतो. मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसा नसतो. संवेदकावर पडणारी प्रतिमाच पडद्यावर किंवा इलेक्ट्रॉनिक दृश्यदर्शकात दिसते. त्यामुळे छायाचित्र उजळ येईल की काळवंडेल, हे बटण दाबण्यापूर्वीच कळते. ऑलिम्पस व पॅनासॉनिक यांनी ऑगस्ट २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स ही प्रणाली जाहीर केली आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी१ आला. सोनीने २०१३ मध्ये फुल-फ्रेम संवेदकाचा अल्फा ७ आणला. निकॉनची झेड आणि कॅननची ईओएस आर या मालिका २०१८ मध्ये सुरू झाल्या. कुटुंबाच्या दृष्टीने या प्रणालीचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे चेहरा व डोळा ओळखून त्यावरच फोकस धरून ठेवण्याची क्षमता. मूल जागेवर थांबत नाही, तेव्हा ती विशेष उपयोगी पडते.

संवेदकाचा आकार

फुल-फ्रेम संवेदक ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी संवेदक साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा असून कॅननचा त्याहून किंचित लहान आहे. मायक्रो फोर थर्ड्सचा संवेदक १७.३ × १३ मिलिमीटरचा आहे. संवेदक मोठा असेल तर कमी प्रकाशात प्रतिमा अधिक स्वच्छ येते, परंतु भिंगांचे वजन आणि किंमतही वाढते. पहिल्या कॅमेऱ्यासाठी एपीएस-सी हा मध्यममार्ग बहुतेकांना पुरेसा आहे.

मेगापिक्सेलच्या आकड्यास फार महत्त्व देऊ नये. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात सुमारे ६००० × ४००० बिंदू असतात. इंचाला ३०० बिंदू या दर्जाने त्याची २० × १३ इंचांची प्रत निघते. घरातील भिंतीसाठी एवढा आकार पुरेसा आहे.

खरा फरक भिंगाचा

कॅमेऱ्यासोबत मिळणारे झूम भिंग प्रवासात सोयीचे असते, परंतु झूम वाढविल्यावर त्याचे ॲपर्चर एफ/५.६ किंवा एफ/६.३ इतके अरुंद होते. एफ/१.८ चे स्थिर नाभीय अंतराचे भिंग एफ/५.६ च्या तुलनेत नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. संध्याकाळी खोलीत झूम भिंगाने सेकंदाचा १/३० वेग मिळत असेल, तर आयएसओ न वाढविता या भिंगाने १/२५० च्या पुढचा वेग मिळतो. पहिल्या छायाचित्रात मुलाचा हात पुसट येतो, दुसऱ्यात तो स्पष्ट उमटतो. भिंगातील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताची थरथर सावरते, समोरच्या मुलाची हालचाल मात्र थांबवू शकत नाही.

कोणते नाभीय अंतर घ्यावे, याचे उत्तर खोलीच्या मापात आहे. तीन मीटर अंतरावरून एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या भिंगात सुमारे १.४ मीटर रुंदीचे दृश्य मावते. ३५ मिलिमीटरमध्ये दोन मीटर, तर २४ मिलिमीटरमध्ये जवळजवळ तीन मीटर रुंदी मावते. ‘पहिले भिंग ५० मिलिमीटरचेच’ हा सल्ला फुल-फ्रेमच्या काळातील आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ते भिंग लहान खोलीत दोघा-तिघांपुरतेच उरते. पाटाभोवती जमलेले कुटुंब टिपायचे असेल तर २३ ते २४ मिलिमीटर, आणि मुलाचे एकट्याचे छायाचित्र महत्त्वाचे असेल तर ३५ मिलिमीटर घ्यावे. निकॉनचे झेड डीएक्स २४ मिलिमीटर एफ/१.७, सोनीचे ई ३५ मिलिमीटर एफ/१.८ आणि फुजीफिल्मचे एक्ससी ३५ मिलिमीटर एफ/२ ही या प्रकारातील उदाहरणे आहेत.

मोठ्या ॲपर्चरची मर्यादाही लक्षात घ्यावी. ३५ मिलिमीटरच्या भिंगाने एफ/१.८ वर दोन मीटरवरून छायाचित्र घेतल्यास सुमारे पाऊण फूट खोलीतीलच भाग स्पष्ट येतो. दोन रांगांत बसलेल्या कुटुंबाचे छायाचित्र एफ/५.६ वर, खिडकीजवळ किंवा अंगणात घेणे इष्ट.

माउंट : दीर्घकालीन निर्णय

कॅमेऱ्याचा सांगाडा काही वर्षांनी बदलतो, भिंगे मात्र पुढच्या सांगाड्यावरही चालतात. म्हणून भिंग बसविण्याचा माउंट कोणता, हा खरा निर्णय आहे. सोनीच्या ई माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉन यांसारख्या इतर उत्पादकांची भिंगे दीर्घकाळ उपलब्ध आहेत. फुजीफिल्मच्या एक्स आणि निकॉनच्या झेड माउंटसाठीही ती मिळू लागली आहेत. कॅननने आपल्या आरएफ माउंटच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी सिग्मा व टॅमरॉन यांना परवाना दिल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. एकच दर्जेदार झूम हवे असल्यास सिग्माचे १८-५० मिलिमीटर एफ/२.८ हे वजनाने हलके भिंग विचारात घेता येते.

घरात जुनी डीएसएलआर भिंगे असतील तर ती टाकून देऊ नयेत. कॅननची ईएफ भिंगे जोडणीच्या साहाय्याने आरएफ कॅमेऱ्यावर चालतात. निकॉनच्या एफटीझेड जोडणीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ व एएफ-डी भिंगे हाताने फोकस करावी लागतात.

सांगाडा निवडताना

कॅननचा ईओएस आर५० (२०२३) आणि निकॉनचा झेड५०-२ (२०२४) हे दृश्यदर्शक असलेले सुरुवातीच्या वर्गातील कॅमेरे आहेत. सोनीचा झेडव्ही-ई१० (२०२१) व्हिडिओकडे झुकलेला असून त्यात दृश्यदर्शक नाही. भर उन्हात पडदा दिसेनासा होतो, तेव्हा दृश्यदर्शकाचे महत्त्व पटते. दुकानात कॅमेरा हातात धरून पाहावा. घरातील ज्या व्यक्तीने तो वापरायचा, तिच्या हातात तो बसतो का आणि मेनू तिला समजतो का, हे तपासावे. एकूण रकमेचा निम्म्याहून अधिक भाग सांगाड्यावर खर्च करू नये. उरलेल्या रकमेत भिंग, दुसरी बॅटरी, ६४ जीबीचे व्ही३० दर्जाचे कार्ड आणि पिशवी बसवावी.

भारतात डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कराचे बिल आणि भारतीय हमीपत्र यांवरील क्रमांक कॅमेऱ्यावरील क्रमांकाशी जुळवून घ्यावा. जुने भिंग घेताना त्यातून विजेरीचा प्रकाश पाडून आत बुरशीचे जाळे आहे का, ते पाहावे.

स्थानिक प्रसंग, उपयुक्त मांडणी

म्हैसूरचा राजवाडा रविवारी व सार्वजनिक सुटीच्या दिवशी संध्याकाळी काही काळ सुमारे एक लाख दिव्यांनी उजळतो. तेथे दिव्यांवर प्रकाश मोजला तर समोर उभे कुटुंब काळे पडते. आकाशात थोडी निळाई शिल्लक असतानाचे छायाचित्र अधिक समतोल येते. नंजनगूडच्या श्रीकंठेश्वर मंदिराच्या रथोत्सवात गर्दीमुळे भिंग बदलणे कठीण असते, तेथे झूम भिंगच उपयोगी. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात जाळीपलीकडच्या प्राण्यासाठी २०० मिलिमीटरपर्यंतचे भिंग लागते, परंतु वर्षातून एकदा लागणारे भिंग भाड्याने घेणे परवडते.

आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक ट्यूब व एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. अशा प्रकाशात आडवे पट्टे दिसल्यास यांत्रिक शटर वापरून वेग १/५० किंवा १/१०० ठेवावा. बसलेल्या माणसांसाठी तो पुरतो. धावत्या मुलासाठी १/५०० लागतो, आणि तो दिवसाच्या उजेडात सहज मिळतो.

म्हैसूरमध्ये जन्मलेले ज्येष्ठ वृत्तछायाचित्रकार टी. एस. सत्यन (१९२३-२००९) सामान्य माणसांच्या दैनंदिन जीवनाच्या छायाचित्रांसाठी ओळखले जातात. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी टिपलेल्या मुलांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन आंतरराष्ट्रीय बालवर्षानिमित्त १९७९ मध्ये युनिसेफने न्यूयॉर्क येथे भरविले होते. अभ्यंगस्नान, शाळेची तयारी, आजीच्या मांडीवरची झोप या साध्या क्षणांचे मोल किती असते, हे जाणण्यासाठी नवोदितांनी सत्यन यांचे काम अवश्य पाहावे.

जतन

पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत बंद करून ठेवू नये. सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत तो सुरक्षित राहतो. छायाचित्रांच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा नियम पाळावा. गावाकडील नातेवाइकांकडे ठेवलेली हार्ड डिस्क ही घराबाहेरची प्रत होऊ शकते. याशिवाय दरवर्षी निवडक पन्नास छायाचित्रे कागदावर छापून मागे नावे, तारीख व ठिकाण लिहून ठेवावे. आजी-आजोबांना ती पाहण्यासाठी मोबाईल उघडावा लागणार नाही आणि छायाचित्रातील माणसे कोण, हे पुढच्या पिढीला कुणाला विचारावे लागणार नाही.