तळटीप : मैमोनिदीसचा ‘वाटाड्या’

१. ग्रंथाचे मूळ नाव ‘दलालत अल-हाइरीन’, म्हणजे संभ्रमात पडलेल्यांचा वाटाड्या. कर्ता मोशे बेन मैमोन ऊर्फ मैमोनिदीस. जन्म कोर्दोबा, मृत्यू १२०४, कैरोलगतचे फुस्तात. पेशाने वैद्य. ग्रंथाची भाषा अरबी, लिपी मात्र हिब्रू. त्याच्या हातच्या खर्ड्याचा एक तुकडा फुस्तातच्या सिनेगॉगमधील जुन्या कागदांत सापडला; तो आता केंब्रिजला आहे. ईश्वर ‘ज्ञानी आहे’ म्हणण्यापेक्षा ‘अज्ञानी नाही’ एवढेच म्हणावे, असा मैमोनिदीसचा आग्रह. वाचकाला इथे ‘नेति नेति’ आठवेल, पण हे साम्य फार ताणू नये. मैमोनिदीस तोराच्या (ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या) आज्ञा काटेकोरपणे पाळणारा आणि त्यांची संहिता रचणारा धर्मशास्त्री होता. बायबलचा अर्थ लावण्याची त्याची रीत स्पिनोझाने १६७० मध्ये खोडून काढली. अठराव्या शतकात मात्र सॉलोमन मायमोन या तत्त्वज्ञाने आपले आडनावच मैमोनिदीसवरून घेतले. ‘हाइरीन’साठी ‘संशयी’ हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला आहे. मैमोनिदीसच्या डोळ्यांपुढचा वाचक तोराही सोडायला तयार नाही आणि अ‍ॅरिस्टॉटलही. म्हणूनच त्याची वाट अडली आहे.

– संपादक