नटचित्रे, जपानी

(याकुशा-ए). काबुकी रंगभूमीवरील नटांची, काष्ठठशांवरून छापलेली चित्रे. एडो (सध्याचे टोकिओ) नगरात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ती विकली जात. चित्रकाराचे रेखाटन कारागीर चेरीच्या फळ्यांवर कोरी. १७६५ च्या सुमारास प्रत्येक रंगाला वेगळा ठसा वापरून बहुरंगी मुद्रण होऊ लागले. कात्सुकावा शुन्शोने नट ओळखू येईल अशी चेहरेपट्टी रेखाटली. शाराकूने तर १७९४-९५ मधील सुमारे दहा महिन्यांच्या कारकीर्दीत स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचा पुरुषी चेहराही लपविला नाही.

रसिक ही स्वस्त चित्रे घरातील भिंतींवर व घडीच्या पडद्यांवर चिकटवीत. त्यामुळेच पुष्कळशी नष्ट झाली.

महाराष्ट्रातील घरांत मुद्रित चित्रे आली ती प्रामुख्याने देवादिकांची : पुण्याची चित्रशाळा (१८७८) व मुंबईचे रविवर्मा मुद्रणालय (१८९४) यांची चित्रे, तुळजापूरच्या (धाराशिव जिल्हा) यात्रेहून आणलेली भवानीची तसबीर. पुढे बालगंधर्वांची (१८८८–१९६७) स्त्रीवेषातील छायाचित्रेही चौकटीत बसवून दिवाणखान्यांत लागली. त्यांत नट लोपून नायिकाच उरते. शाराकूच्या चित्रात दोघेही दिसतात.

एकाच ठशांच्या अनेक प्रती निघत असल्याने त्यांपैकी एकीलाच मूळ चित्र म्हणता येत नाही. त्यामुळे नव्याने कोरलेल्या ठशांवरील प्रतीस केवळ नक्कल म्हणून हिणविणे अन्यायाचे ठरेल. जुन्या प्रतींचे वनस्पतिज रंग उजेडाने विटतात. म्हणून संग्रहालये त्या मंद प्रकाशात, थोडाच काळ मांडतात. घरच्या भिंतीवर पुनर्मुद्रित प्रतच, तीही थेट उन्हापासून दूर लावणे इष्ट.