जमाखर्चाचा वाचक कोण?

निवडणूक निधीच्या हिशेबाकडे वाङ्मयाचा अभ्यासक सहसा वळत नाही. परंतु अमेरिकेतील राजकीय समित्यांनी द्यावयाच्या जमाखर्चाच्या नियमांचा इतिहास आम्हांला एका लेखनप्रकाराचाच इतिहास वाटतो. कोणी लिहावे, किती तपशिलाने लिहावे आणि ते कोणी वाचावे, हे तीन प्रश्न त्यात पुनःपुन्हा उपस्थित झाले आहेत. ‘नियम सोपे करा’ अशी मागणी होते तेव्हा चर्चा पहिल्या दोन प्रश्नांपाशी थांबते आणि वाचक विसरला जातो.

१९२५ चा ‘फेडरल करप्ट प्रॅक्टिसेस ॲक्ट’ लिहिणाऱ्याच्या फार सोयीचा होता. एकाच राज्यापुरते काम करणाऱ्या बहुतेक समित्या त्यातून सुटत. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकाही त्याच्या कक्षेबाहेर होत्या. साहजिकच राज्याराज्यांत वेगळ्या समित्या स्थापून पैसा फिरवता येई. जे हिशेब सादर होत ते प्रतिनिधिगृहाच्या व सिनेटच्या कार्यालयांत ठेवले जात. ते तपासणारी स्वतंत्र यंत्रणाच नव्हती. वाचकाविना पडून राहणारी ही संहिता जवळजवळ अर्धशतक टिकली.

१९७१ चा नवा कायदा ७ एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. त्या तारखेआधीच निक्सन यांच्या प्रचारसमितीने नाव गुप्त राखू इच्छिणाऱ्या देणगीदारांकडून मोठ्या रकमा गोळा केल्या होत्या. वॉटरगेटनंतर १९७४ च्या दुरुस्तीने ‘फेडरल इलेक्शन कमिशन’ निर्माण झाले, म्हणजे हिशेबांना नेमून दिलेला स्वतंत्र वाचक मिळाला. १९७६ च्या ‘बकली विरुद्ध व्हॅलेओ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारांवरील सक्तीच्या खर्चमर्यादा रद्द केल्या. हिशेब जाहीर करण्याचे बंधन मात्र कायम ठेवले.

आता अडचण उलटी झाली. स्थानिक पक्षशाखांच्या हौशी खजिनदारांना या कागदपत्रांचा भार पेलवेना. म्हणून १९७९ ची दुरुस्ती आली. ८ जानेवारी १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तिच्यावर स्वाक्षरी केली. अहवालांची संख्या घटली. ज्या रकमेपुढे देणगीदाराचे नाव लिहावे लागे ती १०० डॉलरवरून २०० डॉलरवर गेली. कार्यकर्त्यांनी वाटावयाचे बिल्ले, फलक यांवरील स्थानिक शाखांच्या खर्चाला देणगीच्या मर्यादांतून सूट मिळाली. हे सारे आम्हांला न्याय्य वाटते. प्रत्येक वाचक सद्हेतूचा असतो असेही नाही: ओहायोतील ‘सोशॅलिस्ट वर्कर्स’ पक्षाच्या समर्थकांना छळ सोसावा लागतो हे ध्यानी घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये त्या पक्षाला नावे उघड करण्यापासून सूट दिली.

पण त्याच दुरुस्तीने आयोगाचा यादृच्छिक तपासणीचा अधिकारही काढून घेतला. लेखन सोपे झाले, त्याबरोबर वाचनही दुबळे झाले. सिनेटच्या उमेदवारांचे हिशेब तर २०१८ पर्यंत कागदावरच सादर करण्याची मुभा होती. ते संगणकात पुन्हा उतरवून घेईपर्यंत मतदानाचा दिवस उलटून जाण्याची शक्यता असे. हिशेब नियमानुसार प्रसिद्ध झालेला असे. मतदाराच्या उपयोगी तो वेळेत पडेलच याची शाश्वती नसे.

२०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर ही विसंगती अधिक ठळक झाली. मध्यस्थ समितीमार्फत एखाद्या उमेदवाराला दहा डॉलर पाठवणाऱ्या शिक्षिकेचे नाव, पत्ता व व्यवसाय त्या समितीच्या हिशेबात नोंदला जाऊ लागला. उलट ना-नफा संस्थेच्या आडून प्रचारात लाखो डॉलर ओतणाऱ्याचे नाव अनेकदा कोठेच दिसेना; समितीच्या हिशेबात दाता म्हणून केवळ त्या संस्थेचे नाव असे.

म्हणून सुलभीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावाला आम्ही एकच कसोटी लावू इच्छितो. त्याने खजिनदाराचे किती तास वाचले हे जरूर मोजावे. पण मतदानापूर्वी सामान्य नागरिकाला ‘हा पैसा कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावरून मिळते का, हेही मोजावे. पहिल्या कसोटीला १९२५ चा कायदा सहज उतरला असता. दुसरीला तो उतरला नाही, आणि त्याची किंमत त्या देशाने १९७२ मध्ये मोजली.